गॅरेजमधल्या कार्यशाळेसाठी विजेचा हीटर: कोणता, किती वॅटचा आणि कुठे बसवावा?

धागाकर्ता: रंधा_पटाशी

नमस्कार. घराला लागून असलेल्या गॅरेजमध्ये मी गेली काही वर्षे सुतारकाम करतो. रोज पहाटे दोन तास आणि सुट्टीच्या दिवशी सहा-सात तास असा माझा वेळ तिथे जातो. थंडीच्या दिवसांत सकाळी आतले तापमान ३ ते ५ अंश सेल्सिअसपर्यंत उतरते. मागच्या थंडीत मी एका स्टुलाचे पाय पीव्हीए जातीच्या पांढऱ्या गोंदाने जोडले. एरवी सांध्यातून बाहेर आलेला गोंद वाळल्यावर काचेसारखा पारदर्शक होतो. या वेळी तो खडूसारखा पांढराच राहिला, नखाने खरवडला तेव्हा त्याची भुकटी पडली आणि पंधरा दिवसांत एक पाय हाताने सहज निघून आला. तेव्हापासून हीटर घ्यायचे मनात आहे. पण बाजारातले प्रकार पाहिले की निर्णय होत नाही, म्हणून हा धागा काढत आहे.

जागेची माहिती अशी: लांबी ६ मीटर, रुंदी ३ मीटर, उंची २.५ मीटर. एक लांब भिंत घराला लागून आहे. उरलेल्या भिंती २३ सेंटीमीटर जाडीच्या विटांच्या आहेत. वर सपाट काँक्रीटचे छत, खाली काँक्रीटची जमीन. समोर २.४ मीटर रुंद आणि २.१ मीटर उंच असे पत्र्याचे वर सरकणारे दार आहे आणि त्याच्या खालच्या फटीतून बाहेरचा उजेड स्पष्ट दिसतो. गाडी बाहेरच उभी असते. वीज २३० व्होल्टची आहे. गॅरेजमध्ये एकच जुने सर्किट असून दिवे, ड्रिल आणि रंधा-यंत्र हे सगळे त्याच्यावरच चालते. भुसा बारीक आणि भरपूर असतो, आणि महिन्यातून एक-दोनदा थिनर असलेले पॉलिश मारतो.

पंख्याचा हीटर, तेल भरलेला रेडिएटर, क्वार्ट्झ नळ्यांचा तापणारा हीटर आणि छताला लावायचे इन्फ्रारेड पॅनेल असे चार पर्याय मी काढले आहेत. यांतला कमी विजेत जास्त उष्णता देणारा कोणता, आणि माझ्यासारख्या जागेला तो किती वॅटचा लागेल, याबद्दल ज्यांना प्रत्यक्ष अनुभव आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

प्रतिसाद: उष्णतामापी

आपण माहिती नेमकी दिली, त्यामुळे गणित मांडता येते. पण त्याआधी एक गैरसमज दूर करायला हवा, कारण जाहिरातींनी तो फार पसरवलेला आहे. आपण लिहिलेल्या चारही प्रकारांत वीज तारेतून किंवा तत्सम घटकातून जाऊन तापते, आणि अशा प्रत्येक हीटरमध्ये एक युनिट विजेपासून एक युनिटच उष्णता मिळते, कमी नाही आणि जास्तही नाही. पंखा लावला, तेल भरले, सिरॅमिक वापरले किंवा काच वापरली तरी हा हिशेब बदलत नाही. 'कमी विजेत जास्त उष्णता' असे यांपैकी एखाद्या हीटरच्या खोक्यावर छापलेले असेल, तर त्यावर विसंबू नये. फरक पडतो तो ही उष्णता हवेला मिळते, माणसाच्या अंगाला मिळते की समोरच्या भिंतीला, आणि ती किती लवकर मिळते, यात. एका युनिटला खरोखर तीनच्या आसपास युनिटे उष्णता देणारे यंत्र म्हणजे हीट पंप, म्हणजे गरम हवाही देणारा एसी. कारण तो उष्णता निर्माण करत नाही, बाहेरच्या हवेतली उष्णता उचलून आत आणतो. मात्र बाहेर थंडी जितकी कडक, तितका त्याचा हा फायदा घटत जातो.

म्हणून माझ्या मते हीटरचा प्रकार ठरवण्याआधी उष्णता जाते कुठून, हे पाहावे.

भिंतीच्या एका चौरस मीटरमधून, आत-बाहेर एका अंशाचा फरक असताना, किती वॅट उष्णता निसटते, हा आकडा प्रत्येक साहित्याचा ठरलेला असतो. २३ सेंटीमीटरच्या विटांच्या भिंतीसाठी तो साधारण २.१, उघड्या काँक्रीटच्या छतासाठी ३ च्या आसपास आणि एकेरी पत्र्याच्या दारासाठी ६ च्या आसपास धरतात. आपल्या बाहेरच्या भिंती दार वजा जाता २५ चौरस मीटर भरतात, म्हणजे दर अंशाला सुमारे ५२ वॅट. छत १८ चौरस मीटर, म्हणजे ५४ वॅट. दार अवघे ५ चौरस मीटर आहे, पण तेवढ्यातून ३० वॅट जातात. जमिनीतून १३ वॅट धरू. राहिली हवा. गॅरेजमध्ये ४५ घनमीटर हवा आहे आणि दाराखालच्या फटीमुळे ती तासाला दीड वेळा बदलते असे मानले, तर दर अंशाला आणखी २२ वॅट जातात. बेरीज १७१ वॅट होते. बाहेर ३ अंश असताना आत १८ अंश हवे असतील तर फरक १५ अंशांचा, आणि तो टिकवून धरायला सुमारे २,५७० वॅट सतत लागतील. त्यातही हे फक्त टिकवण्यासाठी आहे, तापवण्यासाठी वेगळे.

आता छताला आतून पाच सेंटीमीटर जाडीचा चांगला उष्णतारोधक फोम लावला, तर त्याचा आकडा ३ वरून ०.५ वर येतो आणि ५४ वॅटचे ९ होतात. दाराला आतून अडीच सेंटीमीटरचा फोम लावला तर ३० चे ६ होतात. खालच्या फटीला रबरी पट्टी लावून हवेची ये-जा निम्मी केली की २२ चे ११ होतात. एकूण १७१ वरून ९१ वर येतो, आणि तेच १८ अंश राखायला सुमारे १,३७० वॅट पुरतात. भिंतींना हातही न लावता जवळजवळ निम्मी वीज वाचते, आणि हीटरची कोणतीही जात एवढी बचत देऊ शकत नाही.

दोन सूचना मात्र आवर्जून देतो. फोम उघडा ठेवू नये. तो पेटला की वेगाने जळतो आणि विषारी धूर सोडतो, म्हणून कार्यशाळेत तो जिप्सम बोर्डासारख्या न जळणाऱ्या थराने झाकलेला असावा. दाराला फोम लावल्यावर दाराचे वजन वाढते. ते स्प्रिंगच्या ताणावर उचलले जात असेल तर तो ताण जाणकाराकडूनच जुळवून घ्यावा. त्या स्प्रिंगमध्ये हाड मोडण्याइतकी ताकद साठलेली असते.

प्रतिसाद: जुनी_लेथ

वरील गणिताशी मी सहमत आहे, परंतु रोज दोन तास काम करणाऱ्या माणसाचा प्रश्न थोडा वेगळा आहे असे मला वाटते. दोन तासांपैकी पहिला तास जर तेलाचा रेडिएटर स्वतः तापण्यातच घालवणार असेल, तर त्याचा उपयोग काय? माझ्या गॅरेजमध्ये मी धातूकाम करतो आणि दोन किलोवॅटचा पंख्याचा हीटर वापरतो. दहा मिनिटांत हात चालू लागतात. धातूच्या कामात बारीक धूळ कमी असते, हे मान्य. पण वेग हा पंख्याच्या हीटरचा मोठा गुण आहे आणि तो नजरेआड करू नये.

गंजाबद्दलही लिहायला हवे, कारण हा विषय निघत नाही आणि नुकसान मात्र त्यानेच होते. पहिल्या वर्षी मी गॅसवर चालणारा, धुराडे नसलेला हीटर वापरला होता. लेथच्या पाट्यावर रोज सकाळी पाण्याची पातळ झिलई दिसायची आणि आठवड्याभरात तिथे तांबूस ठिपके उमटले. पुढे कारण समजले. एक किलो प्रोपेन जळला की सुमारे १.६ किलो पाणी वाफेच्या रूपाने त्याच खोलीत येते. ती ओलसर उबदार हवा थंड लोखंडाला लागली की तिथे दव धरते. शिवाय बंद जागेत कार्बन मोनॉक्साइडचा धोका जिवावर बेततो. विजेचा हीटर हवेत पाणी घालत नाही, हे एकच कारण माझ्यासाठी पुरेसे होते.

तरीही विजेच्या हीटरनेही दव धरू शकते. १८ अंशांच्या हवेत ६० टक्के आर्द्रता असेल तर तिचा दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला तिच्यातली वाफ पाणी होऊन धरू लागते तो, १० अंशांच्या आसपास येतो. हवा दहा मिनिटांत १८ वर गेली आणि यंत्राचे शंभर किलो बीड अजून ६ अंशांवरच असले, तर त्या बिडावर पाणी धरणारच; माणसाच्या श्वासातली आणि ओल्या कपड्यांतली वाफही त्यात भर घालते. म्हणून मी आता हत्यारांच्या बंद कपाटात ६० वॅटची नळीसारखी तापणारी छोटी पट्टी थंडीभर चालू ठेवतो. ५ अंशांची ९० टक्के आर्द्रतेची हवा नुसती १० अंशांवर नेली तरी तिची सापेक्ष आर्द्रता ६४ टक्क्यांच्या जवळ येते, आणि पोलादाला गंज जोराने चढतो तो साधारण ६० टक्क्यांच्या वर. ती पट्टी लावल्यापासून माझ्या पटाश्या आणि मापे कोरडी राहिली आहेत.

प्रतिसाद: तांब्याची_तार

मी व्यवसायाने वायरमन आहे. धागाकर्त्यांनी 'एकच जुने सर्किट' असे लिहिले आहे, आणि माझ्या दृष्टीने हीटरची निवड तिथेच सुरू होते आणि बऱ्याचदा तिथेच संपते.

२३० व्होल्टवर २,००० वॅटचा हीटर ८.७ अँपिअर आणि ३,००० वॅटचा १३ अँपिअर प्रवाह ओढतो. जिथे १२० व्होल्टची वीज असते तिथे १,५०० वॅटलाच साडेबारा अँपिअर लागतात, म्हणून तिकडचे प्लगवर चालणारे हीटर सहसा १,५०० वॅटच्या पुढे जात नाहीत. ड्रिल किंवा करवत एवढाच प्रवाह ओढत असली तरी ती एका वेळी अर्धा मिनिट चालते आणि मग तार थंड होते. हीटर मात्र तासन्‌तास तेवढाच प्रवाह ओढत राहतो. जुन्या सर्किटवरची सगळी कच्ची जागा तो शोधून काढतो.

कच्ची जागा म्हणजे काय, ते आकड्यांत सांगतो. सॉकेटची पितळी पकड ढिली झाली आणि तिथे फक्त ०.१ ओहमचा रोध आला, तर १३ अँपिअर प्रवाहाला त्या बारीकशा जागेत १७ वॅट उष्णता निर्माण होते. सोल्डरिंगच्या लहान कावियाइतकी ही उष्णता प्लास्टिकच्या बंद डबीत साठत राहते. एमसीबीला, म्हणजे प्रवाह मर्यादेबाहेर गेला की वीज तोडणाऱ्या बटणाला, यातले काहीही कळत नाही, कारण प्रवाह मर्यादेतच असतो. माझ्या स्वतःच्या घरी, मी शिकाऊ असताना, असाच एक प्लग वितळला होता. पिन काढायला गेलो तर तिच्याबरोबर सॉकेटच्या तोंडाचे मऊ झालेले प्लास्टिक लांबत बाहेर आले आणि आत तारेचे आवरण तपकिरी होऊन ठिसूळ झालेले दिसले. त्या दिवसापासून मी हीटर लावल्यावर अर्ध्या तासाने प्लगला हात लावून पाहतो. किंचित कोमट असेल तर चालेल. बोट ठेववत नसेल तर हीटर तिथल्या तिथे बंद करून सॉकेट बदलावे.

एक्स्टेन्शन बोर्डवर हीटर लावूच नये. गुंडाळीवरची केबल तर त्याहून वाईट, कारण गुंडाळलेल्या अवस्थेत आतल्या वेढ्यांची उष्णता बाहेर पडायला वाट नसते. मुख्य बोर्डापासून गॅरेजपर्यंत हीटरसाठी स्वतंत्र तार ओढावी. २.५ चौरस मिलिमीटर तांब्याच्या तारेचा रोध मीटरला सुमारे ०.००७४ ओहम असतो. अंतर २५ मीटर असेल तर जाऊन-येऊन ५० मीटर होतात, आणि १३ अँपिअरला त्यात सुमारे पाच व्होल्ट पडतात, ते चालण्यासारखे आहे. तीच तार १.५ ची घेतली तर आठ व्होल्ट पडतात, तार अधिक तापते आणि हीटरलाही कमी व्होल्ट मिळतात. हीटरची शक्ती व्होल्टच्या वर्गाने बदलते, त्यामुळे व्होल्ट दहा टक्के घटले की उष्णता एकोणीस टक्के घटते. या स्वतंत्र सर्किटला आपला एमसीबी, ३० मिलिअँपिअरची गळती होताच वीज तोडणारा आरसीडी आणि तपासलेले अर्थिंग हवे. गॅरेजच्या काँक्रीटवर ओल असते आणि माणूस त्याच्यावरच उभा असतो, म्हणून आरसीडीला पर्याय नाही.

उद्या तिथे विजेची गाडी चार्ज करायचा विचार असेल तर तेही आत्ताच सांगावे. ३२ अँपिअरचा चार्जर एकटाच ७.४ किलोवॅट ओढतो. तो आणि हीटर दोन्ही घराच्या मंजूर भारात बसतात का, हे आधी पाहावे लागेल.

प्रतिसाद: पॉलिशचा_हात

इथे पॉलिशचा उल्लेख एका वाक्यात येऊन गेला, पण मला तोच सर्वांत गंभीर वाटतो.

थिनरमध्ये बहुधा टोल्युइन किंवा ॲसिटोनसारखे द्रव असतात. टोल्युइनच्या वाफा ४ अंशांना, तर ॲसिटोनच्या उणे २० अंशांनाही ठिणगीने पेट घेण्याइतक्या होतात, म्हणजे आपल्या थंड गॅरेजमध्येसुद्धा. या वाफा हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत पसरतात आणि जमिनीवर ठेवलेला हीटर नेमका त्यांच्या वाटेत असतो. काही देशांच्या बांधकाम-नियमांत गॅरेजमधली ठिणगी देऊ शकणारी साधने जमिनीपासून १८ इंच, म्हणजे सुमारे ४६ सेंटीमीटर, उंच ठेवावीत असे म्हटले आहे, ते याच कारणाने. लालबुंद तारेची गोष्ट उघड आहे; पण ज्याचा पृष्ठभाग फारसा तापत नाही अशा तेलाच्या रेडिएटरमध्येही थर्मोस्टॅट असतो आणि तो चालू-बंद होताना आत बारीक ठिणगी पडते. म्हणून नियम एकच ठेवावा: पॉलिश मारायचे तेव्हा आधी जागा तापवून घ्यावी, हीटर मुख्य बटणावरून बंद करावा, मगच डबा उघडावा, आणि वास पूर्ण जाईपर्यंत, दार उघडून हवा खेळवल्याशिवाय, हीटर पुन्हा लावू नये.

यंत्रे पुसायला क्लोरीन असलेले द्रव वापरणाऱ्यांनी आणखी काळजी घ्यावी. त्या वाफा तापलेल्या तारेवरून गेल्या की त्यांतून फॉस्जीनसारखा अतिविषारी वायू तयार होऊ शकतो.

भुशाचेही तसेच आहे. पंख्याचा हीटर खोलीतली हवा सतत स्वतःतून ओढतो, बारीक भुसा तापलेल्या तारेवर बसतो आणि आधी करपल्याचा वास येतो. तो वास म्हणजे आत काहीतरी जळत आहे. शिवाय ओल्या पॉलिशवर तोच पंखा धूळ उडवून बसवतो. मी एका टेबलाचा पृष्ठभाग यामुळे दोनदा घासून पुन्हा केला आहे. म्हणून लाकूडकामाच्या जागेसाठी उघड्या तारेचा किंवा साध्या पंख्याचा हीटर मी सुचवणार नाही.

आपल्या गोंदाबद्दल: बऱ्याच पीव्हीए गोंदांना साधारण १० अंशांच्या आसपास किमान तापमान लागते, नेमका आकडा डब्यावर असतो. पण हे तापमान हवेचे नव्हे, लाकडाचे. हवा गरम झाली म्हणून बाहेरून आणलेली थंड फळी लगेच जोडायला घेतली, तर गोंद पुन्हा खडूसारखाच होईल. जोडायचे तुकडे आणि गोंदाची बाटली आदल्या रात्रीच घरात ठेवावी.

प्रतिसाद: उष्णतामापी

जुनी_लेथ यांच्या दहा मिनिटांबद्दल थोडे लिहितो, कारण ते खरे आहे आणि तरी पुरेसे नाही. ४५ घनमीटर हवा १५ अंशांनी तापवायला पाव युनिटही वीज लागत नाही, म्हणून पंखा लगेच ऊब देतो. पण १० सेंटीमीटर जाडीची १८ चौरस मीटर काँक्रीटची जमीन चार टनांहून जड आहे आणि तिला एक अंश वर चढवायलाच सुमारे एक युनिट वीज लागते. दोन तासांत ती तापणार नाही, तिच्या मागे लागूही नये. उभे राहण्याच्या जागी जाड रबरी चटई किंवा लाकडी फळ्यांचा पाट टाकला की पायांतून जाणारी ऊब थांबते, आणि तीन-चार अंश कमी तापमानातही काम सुखाने होते. हा उपाय सर्वांत स्वस्त आहे आणि लोक तो सर्वांत शेवटी करतात.

तापणाऱ्या, म्हणजे किरणांनी ऊब देणाऱ्या, हीटरचा खरा उपयोग इथेच येतो. हवा गळत असली, जमीन थंड असली, तरी त्याचे किरण थेट अंगाला आणि हातांना ऊब देतात. क्वार्ट्झच्या लाल नळ्या मात्र भुसा असलेल्या जागेत मला नकोत. त्याऐवजी कामाच्या मेजावर, डोक्यापासून पुरेसे उंच, पाच-सहाशे वॅटचे न चमकणारे इन्फ्रारेड पॅनेल लावावे. त्याचा पृष्ठभाग शंभर अंशांच्या आसपास राहतो. त्याच्याखाली ओले पॉलिश किंवा कच्चे लाकूड फार वेळ ठेवू नये, वरची बाजू आधी वाळून तडे जातात.

हीट पंपाचा विचार रोज सहा-सात तास काम असते तर मी नक्की करायला सांगितला असता. दोन तासांसाठी तो खर्च भरून निघणार नाही, आणि त्याची जाळी भुशाने दर आठवड्याला भरेल.

प्रतिसाद: जुनी_लेथ

जमिनीचा आकडा माझ्या कधी लक्षात आला नव्हता. माझ्याकडे रबरी चटई नाही, ती या आठवड्यातच टाकतो. भुशाच्या बाबतीत पॉलिशचा_हात यांचे म्हणणे मान्य आहे. पंख्याच्या हीटरची शिफारस मी धातूकामापुरती ठेवतो. एक भर घालतो: हत्यारांच्या लिथियम बॅटऱ्या शून्य अंशांखाली चार्ज केल्या की आतून कायमच्या खराब होतात. जिथे गॅरेज इतके गारठते, तिथे चार्जर घरातच ठेवावा.

प्रतिसाद: रंधा_पटाशी

सर्वांचे मनापासून आभार. मधल्या सहा आठवड्यांत काम पूर्ण केले, म्हणून काय केले आणि काय आढळले ते इथे नोंदवतो.

प्रथम दाराखाली रबरी पट्टी, दाराला फोम आणि छताला फोमवर जिप्सम बोर्ड असे काम केले. स्प्रिंगचा ताण माहीतगाराकडून वाढवून घेतला. त्यानंतर स्वतंत्र सर्किट ओढून घेतले. जुने सॉकेट उघडले तेव्हा त्याची एक पकड काळी पडलेली निघाली. त्याच्यावर मी हीटर लावणार होतो, हे आठवले की अजून अस्वस्थ वाटते. हीटर म्हणून २,००० वॅटचा तेल भरलेला रेडिएटर घेतला. कलंडला तर आपोआप बंद होणारा आणि जास्त तापला तर वीज तोडणारा, असे दोन्ही बंदोबस्त त्यात आहेत, हे घेताना तपासले. तो जमिनीवर न ठेवता अर्धा मीटर उंचीच्या विटांच्या ओट्यावर, सर्व बाजूंनी एक मीटर जागा मोकळी सोडून, लोखंडी पट्टीने घट्ट बसवला आहे. मेजावर ६०० वॅटचे पॅनेल आणि हत्यारांच्या कपाटात ६० वॅटची पट्टी आहे. तिन्ही मिळून साडेअकरा अँपिअरच्या आसपास होतात.

उठल्याबरोबर मी रेडिएटर लावतो आणि आवरून तासाभराने कामाला येतो. परवा बाहेर ४ अंश असताना दीड तासाने हवेतला तापमापी १६ दाखवत होता आणि रंधा-यंत्राच्या बिडाच्या पाट्यावर ठेवलेला ९. त्यावर हात फिरवला, तो कोरडा होता. हवा हळूहळू तापते म्हणून बिडालाही थोडा वेळ मिळतो, असे मला वाटते, आणि त्या दृष्टीने रेडिएटरचा संथपणा माझ्या उपयोगीच पडला. स्टुलाचा पाय पुन्हा जोडला. लाकूड आणि गोंद रात्रभर घरात ठेवले होते. दुसऱ्या दिवशी सांध्याच्या कडेला गोंदाची रेघ पारदर्शक, पिवळसर आणि कडक झालेली होती. पटाशीने काढली तेव्हा तिची भुकटी झाली नाही, सलग ढलपी निघाली.

एकच शंका उरली आहे. रेडिएटरवरचा थर्मोस्टॅट मी १८ वर ठेवला तरी तो १४-१५ अंशांनाच बंद होतो. तो बिघडलेला आहे का?

प्रतिसाद: तांब्याची_तार

बिघडलेला नाही. तो रेडिएटरच्याच अंगाला चिकटलेला असल्याने खोलीचे नव्हे, स्वतःभोवतीच्या गरम हवेचे तापमान मोजतो. दोन उपाय आहेत. तो काटा २१-२२ वर ठेवून खोलीतला वेगळा तापमापी पाहत राहावा, किंवा आतल्या, म्हणजे घराकडच्या, भिंतीवर छातीच्या उंचीला, पॅनेलचे किरण आणि दाराचा झोत लागणार नाहीत अशा जागी, १६ अँपिअरच्या रोधक, म्हणजे हीटरसारख्या, भाराला योग्य असा वेगळा थर्मोस्टॅट बसवून घ्यावा. फोनवरून चालू-बंद होणारे स्वस्त प्लग या कामाला घेऊ नयेत; त्यांच्यातली रिले, म्हणजे आतले विजेवर चालणारे बटण, दीर्घकाळ इतक्या प्रवाहाला टिकत नाही आणि खराब झाली की बहुधा चालू अवस्थेतच चिकटून बसते. आणि धूर ओळखणारी घंटा भुशाने सारखी खोटी वाजेल, म्हणून गॅरेजमध्ये वाढते तापमान ओळखणारी घंटा लावावी, आणि ती घरात ऐकू येते ना, हे दार बंद करून एकदा तपासावे.

प्रतिसाद: रंधा_पटाशी

घराकडच्या भिंतीवर, कपाटाच्या डाव्या बाजूला तशी जागा आहे. थर्मोस्टॅट आणि घंटा दोन्ही येत्या सुट्टीला बसवून घेतो.